धार आपल्याकडे

आधी माफी मागतो. हे लिहिणारा तू कोण, असं कोणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. मी चंद्रपूरला कॉलेजात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलेलं नाही, आणि लिहिणं म्हणजे आमच्याकडे परीक्षेत लिहितात ते. शिवाय माझा विषय इतका लहान आहे की सांगतानाच ओशाळल्यासारखं होतं. एक चाकू. मिटला की मुठीत मावतो, उघडला तर पातं माझ्या बोटाएवढं. एवढ्याशा गोष्टीसाठी वाचणाऱ्याचा वेळ घ्यावा का, हा विचार मी बरेच दिवस केला. पण मला राग आला होता आणि अजून आहे. बोलायला गेलो की माझी जीभ अडकते, समोर शिकलेला माणूस असला तर जास्तच. कागद मधेच तोडून बोलत नाही, म्हणून कागदावर सांगतो.

चाकू माझा नाही, मायचा आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

आमचं गाव मुलचेरा तालुक्यात. रस्त्याच्या एका अंगाला धानाच्या बांद्या, दुसऱ्या अंगाला जंगल. आठवडी बाजारात पूर्वी एक लोहार बसायचा, त्यानं तो चाकू माझ्या जन्माच्या आधी घडवला. जीपच्या मोडक्या कमानपाट्याच्या तुकड्याचं पातं, तिवसाच्या लाकडाची मूठ, मधे एक खिळा. खटका वगैरे काही नाही. नखानं उघडायचा, बोटानं मिटायचा. मायनं म्हणे मूठ दोनदा परत केली होती. "हातात बसत नाई त मी काय याले पाटावर बसवू?" असं ती लोहाराला म्हणाली, हे तो लोहार पुढे कित्येक वर्षं बाजारात सगळ्यांना सांगायचा. मुठीवर एका जागी आता खोलगट झालं आहे. मायचा अंगठा तिथं असतो. मी चाकू धरला की माझाही अंगठा घसरून त्याच खळग्यात जातो.

शहरातल्या माणसाला वाटतं, चाकू म्हणजे काहीतरी करायला खिशात ठेवलेली वस्तू. आमच्याकडे तो काही न करता खिशात असतो आणि दिवसभर काहीतरी करत राहतो. सकाळी करंजाचं दातण. मग बैलाची दोरी ओली होऊन आवळली असली तर तिची गाठ टोकानं सैल करायची. खताच्या थैलीची शिवण उसवायची, बांधावर बसून कांदा कापायचा. पावसाळ्यात बांबूचे कोवळे कोंब निघतात, वास्ते म्हणतो आम्ही, ते सोलायचे. पायात काटा मोडला तर पातं काडीवर तापवून तो काढायचा. एकदा बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, पाळीवर आमची शेळी नायलॉनच्या जाळ्यात अडकली, ओरडून ओरडून तिचा गळा बसला होता. माय पळत गेली आणि तिनं दोन-चार हात मारून शेळी सोडवली. जाळ्याचा मालक आला आणि जाळं फाडलं म्हणून भांडला. मायनं चाकू मिटून कमरेला खोचला आणि म्हणाली, "जाळं शिवता येते. शेळी शिवून दाखव."

विळा जड, विळी घरची, आणि कुऱ्हाड घेऊन निघालं की दहा जण विचारतात, कुठी चाललास. चाकूचं तसं नाही. तो कमरेला आहे हे माणूस विसरून जातो, आणि गरज पडली की हात आपोआप तिथं पोचतो. मला त्या विसरण्यातच त्याची माया वाटते. शहरात आल्यावर पाहिलं, इथले लोक सगळं दातांनी फाडतात. शांपूची पुडी, चिवड्याचं पाकीट, धागा, सेलोटेप. एका प्राध्यापकांना मी पार्सलवरची टेप स्कूटीच्या किल्लीनं करवतताना पाहिलं आहे. माय म्हणते ते खरं आहे: ज्याच्याजवळ चक्कू नाई, तो दुसऱ्याच्या तोंडाकडं पाहते.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आम्ही चाकू हातात देत नाही. कोणी मागितला की खाली ठेवतो, जमिनीवर नाहीतर बाजेवर. मिटून ठेवत नाही. उघडतो, धार आपल्याकडे करतो, मूठ घेणाऱ्याकडे, आणि एक पाऊल मागे सरतो. मग त्यानं उचलायचा. हातोहाती दिला तर दोघांत भांडण होतं म्हणतात. आणि मिटून दिला तर धार मोडली असली तरी दिसत नाही, म्हणजे काही लपवून दिल्यासारखं होतं. परत करतानाही तसंच. लहानपणी मी एकदा मायच्या हातात चाकू द्यायला गेलो तर तिनं हात मागे ओढून घेतला. "मायसंग भांडाचं हाय का तुले?" तेव्हापासून हे अंगात बसलं. विचार करून करायची गोष्टच राहिली नाही.

मी कॉलेजला निघालो तेव्हा एसटीच्या थांब्यावर, सिमेंटच्या बाकावर, मायनं तो चाकू उघडून ठेवला. धार तिच्याकडे.

"माय, तुलेच लागते तो," मी म्हटलं.

"धान कापाले विळा हाय. तेंदूच्या टायमाले लागते, तवा आणून दे. मी तुले देऊन नाई राह्यली, तू नेऊन राह्यला. समजलं?"

तेंदूपत्त्याचा हंगाम उन्हाळ्यात येतो. पहाटेपासून पानं तोडायची, घरी आणून पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं जमा करतात त्या जागी, नेऊन द्यायचे. पुडे बांधायला झाडाच्या सालीची वाक लागते. ती सोलायला अरुंद आणि लवचिक पातं हवं. बाजारातला प्लास्टिकच्या मुठीचा चाकू सालीत शिरत नाही, वाकडा होऊन हातात घुसतो. त्या दिवसांत आमच्या घराचा हात म्हणजे तो चाकू. पहिल्या वर्षी मी तो वेळेवर परत नेला, दुसऱ्या वर्षीही नेला. हंगाम संपला की बाकावर पुन्हा तसाच उघडून ठेवलेला असायचा.

होस्टेलमध्ये त्याची कीर्ती लवकर पसरली. पोहे करायचे तर चाकू, चार्जरची वायर सोलायची तर चाकू. वाढदिवसाच्या केकबरोबर येणारी प्लास्टिकची सुरी मोडली की पुन्हा आमचाच. माझा रूम पार्टनर बल्लारपूरकडच्या कोळसा खाणीच्या कॉलनीतला, अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलणारा. पहिल्यांदा त्यानं चाकू मागितला तेव्हा मी तो उघडून त्याच्या गादीवर ठेवला आणि मागे सरलो. तो भडकला.

"हातात द्यायला विटाळ होते का बे माझा?"

मी अडखळत अडखळत रीत सांगितली. त्यानं ऐकून घेतलं, थोडा वेळ चाकूकडे पाहिलं आणि म्हणाला, "मतलब, तुझ्यासंग भांडण करायचं असलं त हातात द्यायचा. ध्यान में रखूंगा." त्यानंतर चाकू परत करताना तो दोन्ही हातांनी उशीवर ठेवायचा, कमरेत वाकायचा, आणि "महाराज, धार आमच्याकडं हाय" असं म्हणायचा. मेसमधली मुलंही तसंच करू लागली.

त्याला समजलं नव्हतं, त्यानं विचारलं. एवढंच. कॉलेजच्या गेटवर कोणाला हे जमलं नाही.

तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला कॉलेजात कोणी मोठे पाहुणे येणार होते, म्हणून गेटवर हातात धरायचं यंत्र आलं. अंगावरून फिरवायचं, लोखंड असलं की ते ओरडतं. गेटवरचे वॉचमन कंत्राटी होते. त्यातला सकाळचा वॉचमन पोंभुर्ण्याकडचा, चाळिशीचा असेल. त्याचं गाव मला आणि माझं त्याला माहीत होतं, कारण पाऊस लांबला की तो येणाऱ्या-जाणाऱ्याला आपल्या परह्याची काळजी सांगायचा आणि माझ्याशी जास्त बोलायचा, कारण मला परहे म्हणजे धानाची रोपं हे समजावून सांगावं लागत नव्हतं. "तुमच्याकडं रोवणा झाला का?" हे त्याचं मला रोजचं नमस्काराऐवजीचं वाक्य.

त्या दिवशी आमचं प्रॅक्टिकल होतं. वनस्पतिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला खोडाचे पातळ काप घ्यावे लागतात, त्यासाठी दाढीचं ब्लेड आणायचं असतं. रांगेतल्या प्रत्येकाच्या डब्यात ब्लेड होतं. यंत्र त्यांच्यावरही ओरडलं. "प्रॅक्टिकल," असं ते म्हणाले आणि आत गेले. माझा नंबर आला. शेजारी त्या दिवशी वॉचमनचा सुपरवायझर उभा होता, काळा चष्मा घालून.

"खिशात काय हाय?" वॉचमननं विचारलं. रोजचा आवाज नव्हता तो.

"चाकू."

"काढ. दे इकडं."

मी काढला. आणि मग माझ्या हातांनी तेच केलं जे ते जन्मभर करत आले होते. मी खाली बसलो, चाकू उघडला, फरशीवर ठेवला, धार माझ्याकडे, मूठ त्याच्याकडे, आणि उठून एक पाऊल मागे सरलो.

मागे एक मुलगी किंचाळली. सुपरवायझर ओरडला, "ए! चाकू उघडला यानं!" कोणीतरी माझी कॉलर धरली. कोणीतरी मोबाईल वर केला. मी वॉचमनकडे पाहिलं. तो फरशीवरच्या चाकूकडे पाहत होता आणि पुतळ्यासारखा उभा होता. शेवटी सुपरवायझरनं बुटानं चाकू बाजूला सरकवला. मायच्या चाकूला बूट लागलेला मी पाहिला. ते मी अजून तिला सांगितलेलं नाही.

दुपारी मला शिस्त समितीपुढे उभं केलं. समितीत दोन सर होते. एक अध्यक्ष, आणि दुसरे आमचेच प्रॅक्टिकलचे सर, जे आम्हाला ब्लेड हातात देऊन म्हणायचे, अजून पातळ, अजून पातळ काप. तक्रार वाचून दाखवली. विद्यार्थ्यानं खिशातून चाकू काढला, तो उघडला, सुरक्षारक्षकासमोर ठेवला. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि तरी ऐकताना मला वाटलं की हे दुसऱ्याच कोणाबद्दल चाललं आहे.

"गाव कुठलं?" अध्यक्षांनी विचारलं.

"मुलचेरा तालुका, सर."

"म्हणजे गडचिरोली." हे ते मला म्हणाले नाहीत, शेजारच्या सरांना म्हणाले.

"अच्छा," शेजारचे सर म्हणाले.

त्या "अच्छा"वर मी अख्खं पान लिहू शकतो. दोन वर्षं मी त्यांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसत होतो. टेंभुर्णीचं, म्हणजे तेंदूचंच, शास्त्रीय नाव विचारलं तर हात माझाच वर असायचा. तेव्हा माझं गाव त्यांनी कधी विचारलं नाही. त्या दिवशी गाव ऐकलं आणि त्यांना माझ्याबद्दल सगळं कळलं, असा त्यांचा चेहरा झाला. आमच्या जिल्ह्याचं नाव घेतलं की लोकांच्या डोळ्यांत जंगल, पोलीस आणि बंदूक येते. तिथं लोक कांदाही चिरतात, हे कोणाच्या डोळ्यांत येत नाही.

"चाकू कशाला लागतो?"

"सगळ्यालाच लागतो, सर."

दोघं हसले. "घरी अजून काय काय आहे?"

मला वाटलं ते खरंच विचारताहेत. मी सांगू लागलो. "कुऱ्हाड आहे, विळे आहेत, खुरपी, बाबांचा अडकित्ता..."

"पुरे, पुरे," अध्यक्ष म्हणाले.

मग मी सगळं बळ एकवटून रीत सांगितली. आमच्याकडे चाकू हातात देत नाहीत, सर. उघडून ठेवतात. धार आपल्याकडे करतात. तो मान ठेवायचा प्रकार आहे, सर. मला स्वतःलाच ते बनवून सांगितल्यासारखं वाटू लागलं. अध्यक्षांनी कोपऱ्यात उभ्या असलेल्या वॉचमनला विचारलं, "काय हो, तुम्ही पण तिकडचेच ना? असं असतं का तुमच्याकडे?"

मला केवढा धीर आला. आता हा सांगेल, आणि सगळे हसतील, आणि मी चाकू उचलून प्रॅक्टिकलला जाईन.

वॉचमननं आधी सुपरवायझरकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे. "नाई साहेब," तो म्हणाला. "आपण नाई ऐकलं असं कधी."

मला ताकीद मिळाली. चाकू ऑफिसात जमा झाला. कॉलेज सोडताना बघू, असं सांगितलं. मी म्हटलं, "सर, तो माझा नाही, मायचा आहे. तेंदूच्या आधी परत न्यायचा आहे." अध्यक्ष म्हणाले, "आईला सांग, मुलगा सुखरूप आहे त्यातच समाधान मान."

त्या रविवारी मायचा फोन आला. आमच्या गावात रेंज फक्त बोडीच्या पाळीवर मिळते, म्हणून ती फोन करायला तिथं येते. मी तिला सांगितलं. बूट सोडून सगळं सांगितलं. तिच्या मागे बगळे ओरडत होते.

"उघडून ठेवला होता ना?" तिनं विचारलं.

"हो."

"धार आपल्याकडं?"

"हो माय."

"मांगं सरकला होता?"

"सरकलो होतो."

"मंग काय झालं त्याईले?"

मी तिला इतकंच म्हटलं की तेंदूच्या आधी आणतो. ती म्हणाली, "आणजो. पण त्याईच्या हातून हिसकून नको आणू. ठेवला त उचल."

पुढचे महिने मी ऑफिसात चकरा मारल्या. आणि तिथं जे पाहिलं त्यानं माझा राग शांत व्हायच्या ऐवजी वाढत गेला. ज्याला त्यांनी शस्त्र म्हटलं होतं, तो चाकू बाबूच्या टेबलावर पेनांच्या शेजारी पडलेला होता. पहिल्यांदा गेलो तेव्हा बाबू त्यानं उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याची सुतळी कापत होता. पुढच्या खेपेला काळ्या चहात पिळायला लिंबू. नंतर एकदा सगळं ऑफिस पेरू खात बसलं होतं, मीठ-तिखट लावून, आणि फोडी माझ्या मायच्या चाकूनं होत होत्या. अध्यक्ष सरही एक फोड हातात घेऊन उभे होते.

"काय चाकू आहे रे तुझा," बाबू मला म्हणाला, अगदी प्रेमानं. "लोण्यासारखा चालते. कुठून घेतला?"

"माझा नाही. मायचा आहे," मी म्हटलं. "द्या ना."

"जमा हाय ना तो. जमा झालेली वस्तू देता येत नाई बाबा."

"मग वापरता कशी येते?"

हे मी बोललो असं मला आठवतं, पण कदाचित मनातच म्हटलं असेल. बाबू हसत होता. अध्यक्ष सर हात पुसत म्हणाले, "अरे, तुमच्या बाजारात असा एखादा मिळेल का? प्रवासात बरा पडेल." मी म्हटलं, "विचारतो, सर." होस्टेलवर येऊन भिंतीकडे तोंड करून झोपलो. खिशात चाकू असणं गुन्हा होता तर तो त्यांच्या खिशात का चालणार होता? त्याचं उत्तरही मला माहीत होतं. त्यांचं गाव कोणी विचारणार नव्हतं.

पातं ओलं ठेवल्यामुळे काळं पडत चाललं होतं. लिंबाचे डाग. मुठीच्या खळग्यात बाबूचा अंगठा बसत नव्हता, तो उलटा धरायचा. दर वेळी मला वाटायचं हात पुढे करून उचलावा आणि पळावं. आणि दर वेळी मायचं ऐकू यायचं, ठेवला त उचल.

होळीनंतर मी गेलो तेव्हा टेबलावर चाकू नव्हता. बाबूनं खण उघडला, फाईली सरकवल्या, कपाटाच्या मागे पाहिलं. "अरे, इथंच तर होता." मग जरा विचार करून म्हणाला, "तो पोंभुर्ण्याचा वॉचमन काम सोडून गेला ना परवा. निरोप घ्यायला ऑफिसात आलता. त्यानंच नेला असंल. कंत्राटी लोकाईचं काय सांगावं?"

मी लगेच विश्वास ठेवला. शंकाही आली नाही. ज्या माणसानं माझ्यासमोर आपल्याच गावाची रीत नाकारली, तो चोरी का करणार नाही? गेटवरून जाताना मी त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि मनात जे म्हटलं ते इथं लिहिता येणार नाही. मी पार्टनरला म्हटलं, "लबाड होताच, चोरपण निघाला." त्याच्या धानाला कीड लागो, इथपर्यंत माझी मजल गेली, आणि आमच्याकडे असं शत्रूलाही म्हणत नाहीत.

उन्हाळा आला. परीक्षा लांबल्या, त्यामुळे मी चंद्रपुरातच अडकलो. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. कूलरमध्ये पाणी नव्हतं. गावाकडे तेंदूचा हंगाम सुरू झाला होता. त्या दिवसांत माय पहाटे जंगलात जाते आणि अंधार पडेपर्यंत पुडे बांधते, त्यामुळे बोडीवर येऊन फोन करायला तिला सवड नसते. मी लावला की बंद. मला डोळ्यांसमोर दिसायचं की ती प्लास्टिकच्या मुठीचा चाकू घेऊन साल सोलते आहे, पातं वाकतं आहे, हात कापतो आहे, आणि शेवटी ती दातांनी साल ओढते आहे. शहरातल्यासारखी. वाचायला बसलो की पानावर तेच.

मी ठरवलं की शेवटचा पेपर झाला की प्राचार्यांकडे जायचं आणि जमा केलेली वस्तू हरवली कशी, हे विचारायचंच. न अडखळता बोलता यावं म्हणून मी रूमवर सराव करायचो. पार्टनर प्लास्टिकच्या खुर्चीवर पायावर पाय टाकून प्राचार्य व्हायचा.

"बोलो, क्या तकलीफ है?"

"सर, माझ्या मायचा चाकू..."

"मायचा चाकू, बापाची बंदूक, भावाचा बॉम्ब... अजून काय काय हाय बे तुमच्या गडचिरोलीत?"

"गंमत नको ना करू."

"अबे, ते हेच म्हणणार हायेत. आतापासून ऐकून ठेव, म्हणजे तिथं रडणार नाई." मग तो खुर्चीतून उठून गंभीर व्हायचा. "परत सांग. 'वापरली कशी' इथून सुरू कर. ते भारी हाय तुझं."

शेवटचा पेपर व्हायचा होता त्याच्या आदल्या संध्याकाळी फोन वाजला. माय होती. आवाजात थकवा होता, पण चांगला, काम झाल्यावर असतो तसा. फळी बंद झाली म्हणाली. औंदा पानं बेस होती म्हणाली. मी न राहवून विचारलं, "हात कापला का माय? वाक कशानं सोलली?"

"कशानं म्हणजे? चक्कूनं."

"कोणत्या चाकूनं?"

"आता किती चक्कू हायेत आपले?"

तिला वाटलं रेंज गेली. ती दोनदा हॅलो हॅलो म्हणाली आणि मग सांगू लागली. हंगाम लागायच्या दोनच दिवस आधी एक माणूस मोटरसायकलवर आला होता. गावात विचारत विचारत आला, कॉलेजात शिकते त्या पोट्ट्याचं घर कोणतं. ती अंगण सारवत होती. त्यानं शर्टाच्या आतून फडक्यात गुंडाळलेला चाकू काढला. घासून लख्ख केलेला, धार लावलेला. तिनं ओळखला आणि शेणाचा हात पुसून पुढे केला.

"पण त्यानं हातात देल्ला नाई," माय म्हणाली. "जमीन वाळली होती तिथं खाली बसला. चक्कू उघडला. धार आपल्याकडं केली अन् मांगं सरकून उभा राह्यला. मी उचलला. मले वाटलं तूच धाडला असंल कोणासंग, म्हून काई इचारलं नाई. तू काऊन सांगतलं नाई पण?"

"चहा पाजला का त्याले?"

"थांबलाच नाई. पाणी पेला उभ्यानंच. मी म्हटलं, भाऊ, कोण्या गावचे? त म्हणे पोंभुर्ण्याकडचा. मी म्हटलं, मले वाटलं आमच्याच गावात असा ठेवतेत, तुमच्याकडंबी चक्कू असाच देतेत का?"

"मग? काय म्हणाला?"

"मान खाली घालून गाडीले किक मारली त्यानं. मंग म्हणे, 'आमच्याकडंबी असाच देतेत, बाई. पयल्यापासून.'"